'क्वारी माघार घेत नाही'

रात्री झोप लागत नसली की मी बॉक्सिंगच्या जुन्या फाइट्स लावून बसतो, ही सवय आता बरीच वर्षांची झाली. त्यातली एक फाइट किती वेळा बघितली असेल याला गणतीच नाही. 23 जून 1969, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एकीकडे जो फ्रेझर आणि दुसरीकडे जेरी क्वारी. क्वारी खरं तर काउंटर पंचर, म्हणजे आधी समोरच्याला मारू द्यायचं, मारता मारता त्याचा तोल जरा सुटला की आपला डावा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, घालायचा अशी त्याची पद्धत. त्यामुळे तो फ्रेझरसमोर सावधपणे, वाट बघत खेळेल असंच वाटावं, आणि हा पठ्ठ्या घंटा वाजल्याबरोबर सरळ फ्रेझरच्या अंगावर गेला. फ्रेझरच्या अंगावर! ज्याच्यापासून लांब राहायचं एवढाच प्लॅन लोक करायचे त्याच्या छातीला छाती लावून हा उभा राहिला आणि तीन मिनिटं दोघं एकमेकांना नुसते मारत होते, एक पाऊल कुणी मागे घेईना. पहिला राउंड क्वारीनं घेतला. पुढे डोळ्याखाली कापलं, डोळा सुजून बंद व्हायला आला, आणि सात राउंड झाल्यावर फाइट थांबवली, पण 'द रिंग' मासिकानं तीच त्या वर्षीची सर्वोत्तम फाइट ठरवली.

पहिल्यांदा बघितली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, अक्षरशः. एकटाच होतो खोलीत, तरी ओरडलो.

मग कधीतरी जेरी क्वारीचं पुढे काय झालं ते वाचलं. 1995 मध्ये, म्हणजे या फाइटला 26 वर्षं झाल्यावर, पन्नाशीतल्या या माणसाला पायात मोजे घालता येत नव्हते. दाढी दुसऱ्याला करून द्यावी लागायची, आंघोळीला कुणीतरी सोबत लागायचं. ते वाचल्यावर मी तोच पहिला राउंड परत लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा क्वारीच्या हातांकडे न बघता त्याच्या डोक्याकडे बघत बसलो. किती बसतायत ते मोजायला लागलो. मिनिटभरातच मोजणं सोडून दिलं, बघवेना.

तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय.

क्वारी कुटुंब कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डचं. मंदीनं आणि धुळीच्या वादळांनी घरदार सोडायला लावलेली हजारो माणसं ओक्लाहोमा, टेक्ससकडून कॅलिफोर्नियाच्या शेतांकडे आली, मजुरांच्या छावण्यांमधून राहिली, पिकं जातील तिकडे गेली, त्यातलंच हे एक घर. जेरीचा जन्म 15 मे 1945 चा. बाप जॅक कष्टकरी, आडदांड, स्वतः बॉक्सिंग केलेला. त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांच्या पेरांवर एकेक अक्षर गोंदलेलं होतं, चार या हातावर आणि चार त्या हातावर, मिळून 'हार्ड लक'. म्हणजे बापानं मूठ वळली की पोरांना आपलं नशीब वाचायला मिळायचं. या बापानं पोरांच्या हातात ग्लोव्हज दिले ते अगदी लहानपणी, अजून नीट कळतही नसेल त्या वयात, आणि भावाभावांना एकमेकांसमोर उभं केलं. घरात एकच वाक्य, क्वारी माघार घेत नाही. हे वाक्य पुढे जेरीवरच्या प्रत्येक लेखात, प्रत्येक आठवणीत येतं, एखाद्या घराण्याच्या ब्रीदासारखं.

मला त्या बापाचा राग येतो आणि लगेच त्याचा विचार करायला गेलो की राग टिकत नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, शिक्षण नाही, ओळखपाळख नाही, त्यानं पोरांना काय द्यायचं? चिवटपणा होता त्याच्याकडे, तो दिला. त्याच चिवटपणावर आपलं कुटुंब छावणीतून बाहेर पडलं हे त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं.

1965 मध्ये जेरीनं नॅशनल गोल्डन ग्लोव्हज जिंकली, पाच लढती आणि पाचही नॉकआउट. वय 19. त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. पण तोवर त्याच्या शंभराहून जास्त हौशी लढती होऊन गेल्या होत्या हे लक्षात घ्यायला हवं, कारण त्याचं रेकॉर्ड म्हणून जे छापतात, 53 विजय, 9 पराभव, 4 बरोबरीत, त्यात यातली एकही धरलेली नाही. जिममधलं स्पारिंग तर कुठेच धरलेलं नसतं. एका फाइटच्या तयारीसाठी आठवडेच्या आठवडे रोज कुणाशी तरी खरेखुरे ठोसे द्यायचे घ्यायचे, आणि त्या काळात जिममध्ये हात आखडता घ्यायची पद्धत नव्हती. आपण टीव्हीवर बघतो ती फाइट म्हणजे त्या डोक्यानं खाल्लेल्या माराचा छोटासा भाग, बाकीचा सगळा बंद दाराआड, कॅमेरा नाही, डॉक्टर नाही, तिकीट नाही.

त्याचा काळही बघा कसला. 1967 मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून मुहम्मद अलीचं विजेतेपद काढून घेतलं, लायसन्स गेलं, आणि रिकाम्या झालेल्या गादीसाठी डब्ल्यूबीएनं, म्हणजे विजेतेपदं देणाऱ्या वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशननं, आठ जणांची स्पर्धा लावली. क्वारीनं त्यात माजी विश्वविजेता फ्लॉइड पॅटर्सनला हरवलं, मग थॅड स्पेन्सरला हरवलं, आणि 27 एप्रिल 1968 ला ओकलंडमध्ये जिमी एलिसशी फायनल, 15 राउंड, निकाल पंचांच्या गुणांवर, थोडक्यात हुकली. विश्वविजेता व्हायच्या इतक्या जवळ तो परत कधी गेला नाही. हेवीवेटच्या मानानं तो लहानच होता, नव्वद किलोच्या आतबाहेर, आणि त्याच्या वाट्याला आले अली, फ्रेझर, नॉर्टन, शेव्हर्स, लाइल. दुसऱ्या कुठल्या दशकात असता तर चॅम्पियन झाला असता असं बॉक्सिंगवाले म्हणतात आणि मलाही ते पटतं.

त्यात तो गोरा. त्या वेळच्या अमेरिकेत हेवीवेटला वरची सगळी नावं कृष्णवर्णीय, त्यामुळे प्रमोटर आणि पेपरवाले याला 'ग्रेट व्हाइट होप', म्हणजे गोऱ्यांची मोठी आशा, म्हणून विकायचे. त्याला स्वतःला हे बिरुद आवडायचं नाही. पण तिकिटं त्याच्यावर खपायची, पैसे लाखांत यायचे, आणि हरला तरी पुढची मोठी फाइट मिळायची. हे वरवर भाग्य वाटतं. मला तर वाटतं त्याच्यावर यापेक्षा मोठा घात दुसरा झाला नाही. एखादा बिनचेहऱ्याचा बॉक्सर दोन-तीनदा जबर मार खाल्ला की आपोआप मागे पडतो, कुणी विचारत नाही, नाइलाजानं का होईना घरी बसतो. क्वारीला मागे पडूच दिलं नाही.

26 ऑक्टोबर 1970, अटलांटा. साडेतीन वर्षांनी अली रिंगमध्ये परत येणार होता आणि देशातली राज्यं त्याला लायसन्स द्यायला तयार नव्हती. जॉर्जियामध्ये राज्याचं बॉक्सिंग कमिशनच नव्हतं, म्हणजे नाही म्हणणारं कुणी नव्हतं, शहरानं परवानगी दिली आणि फाइट झाली. कायद्यातल्या या भोकातून अलीला न्याय मिळाला असं मी मानतो आणि त्याबद्दल मला आनंदच आहे. पण हे भोक लक्षात ठेवा, पुढे हेच परत येणार आहे. त्या रात्री अलीचे ठोसे क्वारीच्या डाव्या डोळ्यावर लागले, भुवई हाडापर्यंत फाटली, तिसऱ्या राउंडनंतर फाइट थांबली.

दीड वर्ष गेलं आणि परत अली. 27 जून 1972, लास व्हेगास, आणि आता नुसता जेरी नाही, धाकटा भाऊ माइकसुद्धा. 'सोल ब्रदर्स विरुद्ध क्वारी ब्रदर्स' असं नाव दिलं होतं त्या रात्रीला. माइक लाइट हेवीवेट, वय 21, तोवर एकही फाइट न हरलेला, आणि समोर विश्वविजेता बॉब फॉस्टर, लांब हातांचा आणि भयानक डाव्या हुकचा. चौथा राउंड संपता संपता तो हुक लागला. मी ते फुटेज दोनदा बघितलंय, तिसऱ्यांदा बघणार नाही. माइक पडला तो पाठीवर, सपाट, आणि उठलाच नाही, मिनिटांमागून मिनिटं गेली. खुद्द फॉस्टरला वाटलं की आपण पोराला मारून टाकलं. आणि त्याच रिंगमध्ये, त्याच रात्री, थोड्याच वेळात जेरीला अलीसमोर उभं राहायचं होतं, उभा राहिलाही.

कुठला मोठा भाऊ अशा वेळी फाइट करू शकतो? कुणी म्हणालं असेल का त्याला की राहू दे आज? त्या घरात तसं म्हणायची भाषाच नव्हती ना. सातव्या राउंडला अलीच मारता मारता थबकला आणि रेफरीकडे वळून थांबवा म्हणून सुचवायला लागला, मग फाइट थांबली. म्हणजे बघा, त्या रात्री त्या रिंगमध्ये जेरीच्या डोक्याची काळजी ज्याला वाटली तो त्याला मारायला उभा असलेला माणूस होता.

1973 हे त्याचं सगळ्यात चांगलं वर्ष. फेब्रुवारीत रॉन लाइल, तोवर अपराजित, त्याला 12 राउंड सुंदर बॉक्सिंग करून हरवलं. डिसेंबरमध्ये अर्नी शेव्हर्स, ज्याच्या ठोशाला चॅम्पियनसुद्धा घाबरायचे, त्याला पहिल्याच राउंडमध्ये झोपवला. तो शेव्हर्सचा राउंड बघाच एकदा, क्वारी काय दर्जाचा होता ते त्या अडीच मिनिटांत कळतं.

आणि त्याच 1973 मध्ये इंग्लंडमध्ये कोर्सेलिस नावाचे न्यूरोपॅथॉलॉजिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पेपर छापला. 15 निवृत्त बॉक्सरांचे मेंदू त्यांनी मृत्यूनंतर तपासले होते आणि नातेवाइकांकडून प्रत्येकाच्या शेवटच्या वर्षांची हकीकत गोळा केली होती, कोण अडखळत बोलायचा, कोण बायकोला ओळखेनासा झाला, कोण पाय ओढत चालायचा. मेंदूच्या दोन भागांमधला नाजूक पडदा फाटलेला, पेशींच्या आत प्रथिनांचे गुंते, लहान मेंदूला इजा, हालचाली सांभाळणाऱ्या भागातल्या काळ्या रंगाच्या पेशी गेलेल्या, असं सगळं त्यांनी नोंदवलं. हे काही आभाळातून पडलेलं नवीन ज्ञानही नव्हतं. हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरानं 1928 मध्येच 'पंच ड्रंक' या नावानं हा आजार वैद्यकीय मासिकात लिहिला होता, आणि हा शब्द त्याचा नव्हता, तो त्यानं बॉक्सिंगवाल्यांच्याच तोंडून उचलला होता. म्हणजे डॉक्टरांच्या आधी जिममधल्या लोकांना माहीत होतं. पुढे त्याला डिमेंशिया प्युजिलिस्टिका असं भारदस्त नाव मिळालं, आता सीटीई म्हणतात, क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी.

काय होतं ते मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. मेंदू म्हणजे मऊ वस्तू, कवटीत पाण्यात तरंगत असते. सरळ ठोसा डोकं मागे ढकलतो, पण हुक डोकं गर्रकन फिरवतो, आणि कवटी फिरते तेव्हा आतला मेंदू तेवढ्याच वेगानं फिरत नाही, मागे राहतो, पिळला जातो. मेंदूतल्या पेशींचे लांबच लांब धागे असतात ते ताणले जातात. त्या धाग्यांच्या आत टाऊ नावाचं प्रथिन असतं, रचना धरून ठेवणारं, ते सुटतं, गोळा होतं, त्याचे गुंते होतात, आणि हे गुंते मेंदूच्या वळ्यांच्या अगदी तळाशी बारीक रक्तवाहिन्यांभोवती जमायला लागतात. मार थांबला तरी हे थांबत नाही, वर्षानुवर्षं पसरत राहतं. यासाठी नॉकआउट व्हायला लागत नाही. ज्या ठोशानं माणूस हललासुद्धा नाही, प्रेक्षकांनी वा काय पचवला म्हणून टाळ्या वाजवल्या, तो ठोसासुद्धा जमेला धरला जातो. ग्लोव्हजनं डोकं वाचतं असं मला लहानपणी वाटायचं. ग्लोव्हज मुठीची हाडं वाचवतात, त्यामुळे मुठीला न दुखता कवटीवर मारता येतं आणि जास्त वेळ मारता येतं.

आता मला सांगा, या आजाराला सगळ्यात सोपं सावज कोण? जो पडतो तो नाही. पडणाऱ्याची फाइट संपते, तो घरी जातो. जो पडत नाही तो.

17 जून 1974, परत मॅडिसन स्क्वेअर गार्डन, परत फ्रेझर. रेफरी कोण, तर जो लुईस, स्वतः बारा वर्षं हेवीवेटचा विश्वविजेता राहिलेला, तेव्हा साठीचा. क्वारी दोन्ही डोळ्यांपाशी फाटलाय, रक्त गळतंय, हात खाली आलेत, बाहेरून लोक ओरडतायत की थांबवा, आणि लुईस थांबवत नाहीत. पाचव्या राउंडला एकदाची थांबली. त्यांच्यावर टीका झाली खूप. मी त्यांना दोष देऊ शकत नाही, त्यांची स्वतःची उमेदवारीच अशा जगात गेली जिथे थांबवणं म्हणजे समोरच्याचा अपमान. पुढच्या मार्चमध्ये केन नॉर्टन, तिथेही पाचव्यात थांबवली. 1977 मध्ये एक फाइट जिंकली आणि निवृत्त झाला, वय 32.

मग 1983. आदल्या नोव्हेंबरमध्ये कोरियाचा डुक कू किम लास व्हेगासच्या फाइटनंतर मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला होता, जानेवारीत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलच्या संपादकानं बॉक्सिंगवर बंदी घाला असं लिहिलं होतं, सगळीकडे हीच चर्चा. त्या हवेत एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकानं काही बॉक्सरांच्या मेंदूच्या तपासण्या करवल्या, त्यात क्वारी होता. बाहेरून धडधाकट, हसतमुख, छान बोलणारा, चार लोकांत कुणाला संशय येऊ नये असा, वय 37. आणि स्कॅनमध्ये मेंदूची इजा दिसली, साध्या साध्या लक्षात ठेवायच्या, हातानं करायच्या चाचण्यांत तो मागे पडला. हे छापून आलं. लाखो लोकांनी वाचलं असणार. आणि त्याच वर्षी तो आणखी दोन फाइट्स खेळला.

इथे मी वाचताना दर वेळी अडकतो. खेळू कसा दिला? पण पैसे उडाले होते, तीन लग्नं झाली आणि मोडली, दारू होती, कोकेन होतं. काही लोक म्हणतात की त्याच्या मेंदूचं वाटोळं दारूनं केलं. दारूनं भर घातली असेलच. पण आवेग न आवरणं, पैशाचं भान सुटणं, चिडचिड, व्यसनात घसरणं, हीसुद्धा या आजाराची सुरुवातीची लक्षणं असतात, विसरभोळेपणाच्या कितीतरी आधीची. आपण लांबून बघणारे त्याला स्वभाव म्हणतो, वाया गेला म्हणतो.

30 ऑक्टोबर 1992. आता ते भोक परत येतं. क्वारी 47 वर्षांचा, आणि याला कोणतंही धड कमिशन लायसन्स देणार नाही. कोलोरॅडोमध्ये त्या वेळी बॉक्सिंग कमिशन नव्हतं. तिथल्या अरोरा गावात सहा राउंडची फाइट, समोर रॉन क्रॅनमर नावाचा कुणी अनोळखी बॉक्सर. ज्याला अली जमिनीवर झोपवू शकला नव्हता तो जेरी क्वारी त्या फाइटमध्ये सहाच्या सहा राउंड मार खात उभा राहिला आणि गुणांवर हरला. मिळाले हजार डॉलरच्या आसपास. ज्यानं आयुष्यात वीसेक लाख डॉलर कमावले त्याला हजार डॉलर.

त्यानंतर उतार फार लवकर आला. 1996 मध्ये अमेरिकेत कायदा झाला की ज्या राज्यात कमिशन नाही तिथे दुसऱ्या राज्याच्या कमिशनची देखरेख असल्याशिवाय व्यावसायिक फाइट लावता येणार नाही. जेरीला त्याचा उपयोग नव्हता.

शेवटची काही वर्षं त्याला त्याच्या भावानं सांभाळलं, जेम्सनं. जेम्स व्यावसायिक रिंगमध्ये कधी उतरला नाही. चार भावांपैकी तीन भाऊ उतरले, हा नाही, आणि हाच उरला बाकीच्यांचं करायला. सकाळी जेरीला सफरचंद-दालचिनीचं सीरियल लागायचं, ते तो आवडीनं खायचा, बाकी जेवणासाठी मनधरणी. ताटातलं मांस भाऊ बारीक कापून द्यायचा, घशात अडकू नये म्हणून. तपासणाऱ्या न्यूरोसायकॉलॉजिस्टनं सांगितलं की याचा मेंदू ऐंशी वर्षांच्या माणसाचा झालाय. घरातून निघून कुठेतरी भटकायचा, भास व्हायचे. उत्पन्न म्हणजे सोशल सिक्युरिटीचे महिन्याचे काहीशे डॉलर. 1995 मध्ये त्याला वर्ल्ड बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तिथे लोक सह्या मागत होते आणि त्याला स्वतःचं नाव लिहिणं जड जात होतं.

माझ्या आजोबांना शेवटची चार वर्षं स्मृतिभ्रंश होता म्हणून ते मांस कापून देणं वाचताना मला काही वेगळंच होतं. आजोबा शर्टाचं बटण हातात धरून त्याच्याकडे बघत राहायचे, हे काय आहे आणि याचं करायचं काय असतं याचा शोध चाललाय असं तोंड करून, आणि आपण हात पुढे केला की झटकून टाकायचे, कारण करता येत नाही हे कळायचं नाही पण दुसऱ्यानं करणं मात्र कळायचं, लागायचं. पण ते 84 वर्षांचे होते. आम्ही रडलो तरी मनात कुठेतरी वयाचं ते वय म्हणून समजूत घालता येत होती. जेम्ससमोर पन्नास वर्षांचा, रुंद खांद्यांचा, जगातल्या सगळ्यात धोकादायक माणसांसमोर उभा राहिलेला भाऊ बसलेला, आणि त्याच्या पायात मोजा चढवायचा. काय समजूत घालत असेल तो स्वतःची?

जेरी 3 जानेवारी 1999 ला गेला, आधी न्यूमोनिया, मग हृदय थांबलं. वय 53. भावानं त्याच्या नावानं फाउंडेशन काढलं होतं, मेंदूला इजा झालेल्या बॉक्सरांसाठी.

माइक, तो व्हेगासला पाठीवर पडलेला धाकटा, तोही त्याच आजारानं गेला, जून 2006 मध्ये, 55 व्या वर्षी. त्याच्या एक महिना आधी फ्लॉइड पॅटर्सन गेला होता. त्यालाही स्मृतिभ्रंश. तो न्यूयॉर्क राज्याच्या बॉक्सिंग कमिशनचा अध्यक्ष होता, 1998 मध्ये एका खटल्यात साक्ष देताना त्याला विचारलं की तुम्ही विश्वविजेतेपद कुणाला हरवून जिंकलं, आणि त्याला आर्ची मूरचं नाव आठवलं नाही. राजीनामा दिला त्यानं. ओकलंडच्या त्या फायनलमध्ये क्वारीला हरवणारा जिमी एलिस 2014 मध्ये गेला, त्यालाही तेच. अलीचं काय झालं ते सगळ्या जगानं बघितलंय, 1984 पासून पार्किन्सन्सशी झगडत 2016 पर्यंत. म्हणजे 1967 ते 1972 या पाच वर्षांत एकमेकांसमोर उभे राहिलेले हे लोक, जिंकलेले आणि हरलेले, एकाच रांगेत जाऊन बसले. प्रत्येकाचा आजार अगदी एकच होता असं म्हणता येणार नाही, सीटीई तर मृत्यूनंतर मेंदू उघडून बघितल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही. जनुकांचाही हात असतो, 1997 मधल्या एका अभ्यासात एपीओई चार हे जनुक असलेल्या, बराच काळ खेळलेल्या बॉक्सरांमध्ये इजा जास्त गंभीर दिसली होती. सगळ्यांनाच होतं असं नाही. पण ही नावं एका ओळीत लिहिताना हात जड होतो हे खरं.

मी बॉक्सिंग बघणं सोडलेलं नाही, खोटं कशाला सांगू. पण बघताना माझी नजर बदलली. आधी मी पडून उठणाऱ्याच्या बाजूनं असायचो. आता मी कॉर्नरमधल्या माणसाकडे बघतो, त्या स्टुलापाशी गुडघ्यावर बसून पाणी देणाऱ्या, बर्फ लावणाऱ्या, एका मिनिटात ठरवायचं असतं त्या माणसाकडे.

अटलांटाची ती रात्र म्हणून आता मी वेगळ्या कारणानं लावतो. तिसरा राउंड संपतो, जेरी स्टुलावर येतो, डाव्या डोळ्यावरची भुवई उघडी पडलीय. त्याचा ट्रेनर टेडी बेंथम जखमेकडे बघतो आणि ठरवतो की बस्स. जगातली सगळ्यात मोठी फाइट, अली साडेतीन वर्षांनी परत आलेला, हॉल खच्चून भरलेला, लाखो डॉलर लागलेले, आणि बेंथम थांबवतो. जेरी वेड्यासारखा उसळतो, ओरडतो, स्टुलावरून उठून परत जायला बघतो, लोकांना त्याला आवरायला लागतं. पुन्हा पुन्हा मी तेवढाच तुकडा बघतो. पोरगा 25 वर्षांचा आहे, तोंडभर रक्त आहे, आणि एक म्हातारा माणूस त्याच्या वाटेत उभा राहून त्याला चौथ्या राउंडला जाऊ देत नाहीये.